तिचा स्टँड, माझं खातं

माझ्या सव्वीस डिझाइनांना दोन वर्षांत मिळून जेवढे लाइक आले होते, तेवढे माझ्या बायकोच्या एका स्टँडला आठ दिवसांत आले, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. सभ्य शब्द शोधत बसत नाही. मी जळलो. शेजाऱ्याच्या गाडीवर जळावं, भावाच्या मुलाच्या नोकरीवर जळावं, ते निदान चार लोकांत हसत हसत सांगता येतं. ज्या बाईच्या हातचा चहा घेऊन रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, तिच्यावरच जळणाऱ्या माणसानं कोणाला सांगायचं? मी कोणालाच सांगितलं नाही.

मी तीस वर्षं एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. लोखंडाचे भाग काढायचे, मापं टाकायची, कोपऱ्यात सही करायची. निवृत्त झालो आणि हाताला चैन पडेना. नंदाखालला आमच्या घरामागे केळी-नारळाची छोटी वाडी आहे, पण ती पहिल्यापासून बायकोनंच सांभाळली. मी तिथे गेलो की ती म्हणते, "आधी त्या आळ्यातून बाहेर या, पाय कुठे ठेवलाय बघा." मग मी घरात बसून फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर शिकलो आणि लेझर मशीनवर कापायच्या घरगुती वस्तू काढायला लागलो. मोबाइलचा स्टँड, चमचे ठेवायचा डबा, किल्ल्या अडकवायला माशाच्या आकाराची पट्टी. विरारला फुलपाड्यात एक दुकान आहे, तिथे दारावरच्या पाट्या, ट्रॉफ्या आणि केकवर खोचायची नावं कापून मिळतात. तिथे फाइल द्यायची, प्लाय कापून आणायचा, घरी खाचेत खाच बसवून वस्तू उभी करायची, फोटो काढायचा आणि ती फाइल एका परदेशी साइटवर टाकायची. ज्याला हवी त्यानं घ्यावी, आपल्या गावात कापून घ्यावी. सगळं फुकट.

फुकट म्हणताना माझी छाती जरा फुगायची, हे कबूल करतो. जगाला काहीतरी देतोय असं वाटायचं. जग मात्र घ्यायला येत नव्हतं. पंधरा दिवसांतून एखादा लाइक यायचा आणि तो कोणत्या देशातून आला हे मी जेवताना सांगायचो. बायको म्हणायची, "अरे वा," आणि आमटी वाढायची. तिनं कधी चेष्टा केली नाही. माझ्या वस्तू कपाटावर ओळीनं मांडलेल्या होत्या, त्या ती दर रविवारी पुसायची.

आई आमच्याकडेच असते. दोन वर्षांपूर्वी मोरीत घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जोर गेला तो गेलाच. पाच लिटरचा तेलाचा कॅन उचलून पळीत तेल ओतणं तिला जमेना. वाटीत काढून ठेवलेलं तेल तिला चालत नाही, आयुष्यभर स्वतःच्या हातानं फोडणी घातलेली बाई. कॅन उचलायला सुनेला हाक मारावी लागली की ती दिवसभर फुरंगटून बसायची.

बायकोनं एक दिवस लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. आमच्या आसपास ख्रिस्ती घरं पुष्कळ, त्यांच्याकडच्या पत्रिका चांगल्या जाडजूड असतात आणि ती त्यातली एकही टाकत नाही. तिनं कात्री घेतली आणि ओट्यावरच काम मांडलं. गोलाई काढायला भाताच्या पातेल्याचं झाकण ठेवून पेन्सिल फिरवली. कॅनची रुंदी मोजायला पट्टी घेतली नाही, हातातल्या दोन बांगड्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. खाचा कापताना माझ्याकडचा प्लायचा तुकडा मागून घेतला, आणि तो घट्ट बसेपर्यंत पत्रिका थोडी थोडी कातरत राहिली. कल्पना अशी होती की कॅन एका चौकटीत बसवायचा, चौकटीला खालून पाळण्यासारखी गोलाई द्यायची, म्हणजे बोटानं ढकललं की कॅन पुढे झुकेल आणि तेल येईल.

"बालवाडीचा हस्तकलेचा वर्ग सुरू झाला वाटतं," मी म्हणालो.

"जमलं तर जमलं," ती म्हणाली. "तुम्ही फक्त मशीनवाल्याला कळेल असं काढून द्या."

मी काढून दिलं, पण सुधारून. झाकणाला एका बाजूला पोचा होता, त्यामुळे तिची गोलाई मध्ये दोन बोटं सपाट झाली होती. मी म्हटलं, ही चूक, आणि कंपासनं काढावी तशी गोल केली. तिच्या खाचा मोजल्या तर साडेपाच मिलिमीटरही भरत नव्हत्या. प्लायवर छाप सहाचा. आमच्या कारखान्यात सहा म्हणजे सहा असायचे. मी सगळ्या खाचा सहाच्या केल्या आणि मनात म्हटलं, माप घ्यायला अक्कल लागते.

स्टँड कापून आला. सांधे खुळखुळत होते, कारण दुकानात सहाचा म्हणून मिळतो तो प्लाय मोजला तर साडेपाचच निघतो, आणि हे तीस वर्षं मापं घेतलेल्या माणसानं मोजून बघितलं नव्हतं. त्यात गोलाई अशी गुळगुळीत की कॅन एका जागी ठरेना. आईनं हात लावला, कॅन पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला, आणि ओट्यावर तेलच तेल झालं.

"कोणाचं काम हे?" आईनं विचारलं.

बायको फडकं घेऊन तेल पुसत होती. ती पुसतच राहिली. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. दुपारी ती पत्रिकांचे तुकडे घेऊन माझ्या टेबलाशी आली. "हे आहेत तसेच काढा," ती म्हणाली. "पोच्यासकट."

तसंच काढलं. सांधे असे बसले की ठोकावे लागले. कॅन ठेवला तर त्या सपाट जागेवर शहाण्यासारखा उभा राहिला. आईनं एका बोटानं झुकवला, पळीत तेल घेतलं, बोट काढलं, कॅन जागेवर परत. तिनं तीनदा करून बघितलं. मग म्हणाली, "डोकं आहे हो तुझ्या बायकोला." माझ्या सव्वीस वस्तूंबद्दल आई आजवर एकदाच बोलली होती. त्यांच्यावर धूळ फार बसते, असं म्हणाली होती.

"हेही टाका की तुमच्या त्या साइटवर," बायको म्हणाली. "कोणाच्या घरी कोणाचं मनगट दुखत असेल."

मी टाकलं. माझ्या खात्यावर, माझ्या नावानं. तिच्या नावाचं खातं उघडायला पाच मिनिटं लागली असती, पण माझ्या मनात ते आलंच नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आलं होतं. खाली माहितीत लिहिलं, 'माझ्या आईसाठी.' त्यात खोटं काय आहे, आई माझीच आहे.

तिसऱ्या दिवशी एका माणसानं लिहिलं, की माझे वडील एकटे राहतात, त्यांच्यासाठी हा बनवला, ते पुन्हा स्वतःची अंडी स्वतः तळायला लागले. फोटो होता, मागे खिडकीत बर्फ. मग आणखी आले. कोणी दुधाच्या कॅनला वापरला, कोणी कपडे धुवायच्या साबणाच्या कॅनला. एका इंजिनियरनं तर बुडाच्या सपाट भागाला लाल बाण दाखवून लिहिलं, की सगळी खुबी इथे आहे, ज्याला हे सुचलं त्याला सलाम. मी त्याला उत्तर पाठवलं. लिहिलं, 'धन्यवाद. बऱ्याच प्रयोगांनंतर हे साधलं.' पाठवून झाल्यावर कान गरम झाले, तरी ते मी पुसलं नाही.

बायको दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी अक्षरं लागतात तिला, पण वाचायला बसत नाही. फोनवर ती केळीवरच्या रोगांचे व्हिडिओ बघते, तेवढंच. ती रोज सकाळी माझ्यापुढे चहा ठेवायची आणि विचारायची, "माझ्यावर काही आलं का?"

"नाही ग," मी म्हणायचो. "लोक बघतात आणि पुढे जातात. माझंही तसंच होतं, दोन वर्षं बघतेयस ना."

हे बोलताना मी कप तोंडाला लावायचो. पहिल्यांदा बोललो तेव्हा वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल नाही म्हटलं, आज एकदम एवढं सगळं कुठून आलं असं ती विचारेल. मग ते रोजचंच होऊन बसलं. मी इतका वाईट माणूस नाही. पण तीस वर्षं मी कोपऱ्यात सही केली आणि एकाही माणसानं कधी लिहिलं नाही, की ज्याला हे सुचलं त्याला सलाम. आणि हिला, जिला कंपास धरता येत नाही, जिनं बांगडीनं माप घेतलं, हिला जग सलाम करतंय. ते मला बघवत नव्हतं. तिला ते कळलं तर तीही माझ्याकडे माझ्या आईसारखी बघेल, याची भीती वाटत होती. खरं म्हणजे तिनं कधी तसं बघितलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याच दिवसांत तिनं दुसरं काम घेतलं होतं. आईला बरणीचं झाकण फिरवता येत नव्हतं, लोणच्याची बरणी घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत कोणीतरी उघडून द्यावी म्हणून फिरायची. बायको पत्रिकांतून करवतीसारख्या दातांची एक खाच कापत होती. फळीच्या खाली ती बसवायची, झाकण तिच्यात अडकवायचं आणि बरणी डाव्या हातानं फिरवायची. महिनाभर तिच्या ओट्यावर तुकडे पडलेले असायचे. दात कधी फार बारीक व्हायचे, कधी झाकण निसटायचं. ती दात पुन्हा कापायची. आणि सकाळी विचारायची, "माझ्यावर काही आलं का?"

एक दिवस तिनं विचारलं नाही. चहा ठेवला आणि वाडीत गेली. संध्याकाळी बघतो तर सगळे तुकडे चुलीजवळ, अंघोळीचं पाणी तापवायला.

"अगं, हे का?" मी म्हणालो.

"जाऊ द्या. एक झालं, हौस फिटली. कोणाला लागत नसेल तर कशाला उगाच पसारा. आईंची बरणी मी उघडून देईन की."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण आत कुठेतरी मला बरं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते. मी गप्प बसलो आणि तिनं ते तुकडे जाळले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी आम्ही स्कूटरवर पाचूबंदरला गेलो. तिथली एक मासेवाली बायकोच्या ओळखीची आहे, आमच्या लग्नापासून मासळी तिच्याचकडून. सुका जवळा घरी ठेवलाय म्हणाली, म्हणून तिच्यामागून आम्ही तिच्या घरी गेलो. मी पडवीत उभा राहिलो, बायको चुलीच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. आत तेलाचा कॅन होता, आणि कॅनच्या खाली आमचा स्टँड.

बायको खाली वाकली. तिनं कॅन जरा झुकवला आणि खालून त्या सपाट जागेवर बोट फिरवलं. स्वतःच्या पातेल्याच्या झाकणाचा पोचा कोणती बाई ओळखणार नाही?

"हा कुठून आणला?" तिनं विचारलं.

"सुनेनं आनला, फुलपाड्यातून कापून," मासेवाली म्हणाली. "टोपल्या उचलून उचलून हात गेला बाय माजा. आता बघ, एका बोटानं तेल येतंय. इकडं चार-पाच घरांत हाय. मशीनवाला सांगत व्हता, हितलाच कोन सायब हाय म्हने, सगल्यांना फुकट देतो. परदेशातून लोक त्याला लिवतात. देव भलं करो त्याचं."

सायब पडवीत उभा होता. बायकोनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, अगदी थोडा वेळ. मग मासेवालीला म्हणाली, "चांगला आहे." जवळ्याची पिशवी घेतली आणि बाहेर आली. येताना ती स्कूटरवर मागे बसली. नेहमी माझ्या खांद्यावर हात ठेवते, त्या हातानं तिनं मागची दांडी धरली होती.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, आईला वाढलं, मला वाढलं, भांडी घासली. हात पुसत आली आणि माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली.

"उघडा," ती म्हणाली. "माझ्यावर जे आलं ते सगळं वाचून दाखवा. मराठीत."

मी सुरुवातीला काहीतरी बोलायला गेलो, की हे हल्लीच, की मी सांगणारच होतो. तिनं हात वर केला. मी वाचायला लागलो. बर्फातल्या म्हाताऱ्याच्या अंड्यांचं वाचलं तेव्हा तिला हसू आलं. तिनं फोटो मोठा करायला सांगितला आणि म्हणाली, "कॅन उलट्या बाजूनं ठेवलाय त्यांनी, पण चालतंय." खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा मी जळत होतो. ती खुश झालेली मला बघवत नव्हती, आणि आपल्याला ते बघवत नाही याची लाज वाटत होती, दोन्ही एकदमच. इंजिनियरचा लाल बाण आला. मी त्याचं वाचलं. ती म्हणाली, "आणि खाली हे तुमचं काय?" माझं उत्तरही मी वाचलं. 'बऱ्याच प्रयोगांनंतर हे साधलं.' तिनं नुसतं "हं" केलं.

शेवटाकडे एका बाईचं होतं. मी त्याला कधी उत्तरच दिलं नव्हतं, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. वगळावं असं क्षणभर वाटलं, पण ती पडद्याकडेच बघत होती. मी वाचलं. त्या बाईनं लिहिलं होतं, की माझ्या हाताचे सांधे आखडलेत, तुमच्या स्टँडमुळे तेलाचा प्रश्न सुटला, तुम्हाला हात जोडते. पण बरणीची झाकणं मला उघडत नाहीत आणि मी एकटी राहते. ज्याला हे सुचलं त्याला तेही सुचेल. करून द्याल का?

बायकोनं आतल्या खोलीकडे बघितलं. आत आई झोपली होती.

"कधीचं आहे हे?" तिनं विचारलं.

मी तारीख सांगितली. तिनं मनाशी हिशेब केला, आणि तो मीही केला. पत्रिका जाळल्या त्याच्या आधीच्या आठवड्यातलं होतं.

मी म्हणालो, "मी चुकलो. तुझं कौतुक मला सहन झालं नाही."

"ते मला पाचूबंदरलाच कळलं," ती म्हणाली. "तिला लिहा आता. मी सांगते तसं."

मी कीबोर्ड पुढे ओढला.

"लिहा, उशीर झाला, माफ करा. बरणीचं मी करायला घेतलं होतं, अर्धं झालंही होतं. मग मोडून टाकलं. ते कोणाला हवं आहे हे मला माहीत नव्हतं. घरात मला सांगणारं कोणी नव्हतं."

"हे शेवटचं असं कसं लिहायचं?"

"जसं आहे तसं लिहायचं. आणि लिहा, आता पुन्हा करते, महिनाभर लागेल."

मी लिहिलं. त्या एका वाक्याचं इंग्रजी करायला मला फार वेळ लागला. सोपे शब्द होते सगळे. खाली तिचं नाव घातलं आणि बटण दाबलं.

"पाठवलं," मी म्हणालो.

तिनं लॅपटॉप आपल्याकडे फिरवून घेतला, चष्मा लावला, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत, गेलंय का ते स्वतः बघितलं.